सागवान घेतलं म्हणजे झालं?

जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात तीर्थपुरी हे गाव आहे. तिथल्या आमच्या परिचयाच्या एका विज्ञान शिक्षकांनी गेल्या उन्हाळ्यात राहतं घर उतरवायला काढलं. आजोबांच्या वेळचं माळवदाचं घर. पावसाळ्यात चार ठिकाणी गळायचं, म्हणून त्या जागी स्लॅबचं घर बांधायचं ठरलं. पायाची आखणी झाली, भिंती किती इंची हे ठरलं, आणि चौकटींपाशी गाडं अडलं. घरात सात दारं. मिस्त्री म्हणत होते, अंगणातला लिंब पायात येतोय, तो काढावाच लागणार, त्याच्याच चौकटी करू. जालन्याचे लाकूड व्यापारी म्हणत होते, आयुष्यात एकदा घर बांधता, सागवानच घ्या. भाचा इंजिनिअर. तो म्हणाला, लाकूड हवंच कशाला? आणि जुन्या लाकडाचा एक खरेदीदार माळवदाच्या सगळ्या तुळया उक्त्या भावानं न्यायला तयार होता.

"तुम्ही विज्ञानवाले, तुम्हीच सांगा," असा सरांचा निरोप आला. आम्ही गेलो. जाताना लाकडातला ओलावा मोजायचं छोटं यंत्र पिशवीत टाकलं. पण खरं सांगायचं तर या प्रश्नाबद्दल आम्हाला जे पहिल्यांदा समजलं, ते प्रयोगशाळेत नाही. आमच्या स्वतःच्या घराच्या दारापाशी. काही वर्षांपूर्वी आम्ही 'सागवानी' म्हणून भरपूर पैसे मोजून एक चौकट घेतली होती. तिसऱ्या वर्षी चौकटीच्या खालच्या अंगाला पिठासारखा भुसा पडू लागला, आणि पाचव्या वर्षी बोटानं दाबलं तर बोट आत जायला लागलं. आम्हाला वाटलं, आपल्याला भलतंच लाकूड दिलं. तुकडा भिंगाखाली पाहिला. तो सागच होता!

मग सागाला कीड लागली कशी?

एका खोडात दोन लाकडं

झाडाचं जाड खोड आडवं कापलेलं तुम्ही पाहिलं असेल. साल सोडून आत आलं की आधी फिकट रंगाचा पट्टा दिसतो आणि मध्यभागी गडद रंगाचा गाभा. बाभळीत हा फरक फार ठसठशीत असतो: बाहेर पिवळट पांढरं, आत तांबूस तपकिरी. सागात बाहेर फिकट, आत सोनेरी तपकिरी.

बाहेरचं लाकूड हे झाडाचं चालतं-बोलतं लाकूड. मुळांनी ओढलेलं पाणी यातूनच वर जातं. यातल्या काही पेशी जिवंत असतात आणि त्यांच्यात झाड स्टार्चच्या रूपात अन्नाचा साठा करतं. झाड जसं जाड होत जातं, तसं आतल्या भागाचं हे काम संपतं. तिथल्या जिवंत पेशी मरतात. पण मरण्यापूर्वी साठवलेल्या अन्नापासून त्या काही वेगळीच रसायनं तयार करतात आणि ती आसपासच्या लाकडात मुरतात. गाभ्याला रंग, वास आणि टिकाऊपणा येतो तो या रसायनांमुळे. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं असं एक रसायन असतं. वाळवीला ते मानवत नाही. शिवाय सागात रबरासारखा एक तेलकट पदार्थही असतो. ताज्या रंधलेल्या सागावरून हात फिरवला की जो किंचित तुपट स्पर्श होतो, तो त्याचा.

म्हणजे सागाची सगळी कीर्ती ही सागाच्या गाभ्याची कीर्ती आहे. सालीलगतचं पांढरं लाकूड सागाचं असलं तरी वाळवी आणि भुंगे यांच्या दृष्टीनं ते साधं लाकूडच, वर स्टार्चनं भरलेलं. आमच्या चौकटीचा खालचा कोपरा त्या पांढऱ्या लाकडातून निघाला होता आणि वरून पॉलिशचा गडद हात फिरवलेला होता. दुकानदारानं सागवान सांगून सागवानच दिलं होतं. प्रश्न चुकीचा होता तो आमचा. 'कोणतं झाड?' एवढंच आम्ही विचारलं. 'झाडाचा कोणता भाग?' हे विचारलं नाही.

हा फरक वर्गात सहज दाखवता येतो. बाभळीची किंवा लिंबाची मनगटाएवढी जाड, ताजी तुटलेली फांदी मिळवा. करवतीनं आडवी कापा. औषधाच्या दुकानात मिळणारं टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करून त्या कापावर थेंब थेंब सोडा आणि दहा मिनिटं थांबा. जिथं स्टार्च आहे तिथं निळा-काळा रंग येईल. पोळीवर आणि बटाट्यावर केलेला तोच प्रयोग, फक्त इथे तो किड्यांच्या जेवणाचं ताट कुठे वाढलेलं आहे ते दाखवतो. बाहेरच्या पट्ट्यात ठिपके उमटतील. गाभा, तेवढ्या फांदीत तो तयार झालेला असेल तर, बहुधा कोरा राहील. आपल्याकडे बाभळीचे ओंडके विहिरीत किंवा तळ्यात महिनोन्महिने बुडवून ठेवायची रीत होती, तिचा अर्थही यात सापडतो. पाण्यात राहून साठा बराचसा निघून जातो, कुजतो, आणि मग त्या लाकडात भुंग्याला गोडी राहत नाही.

आता बाजाराकडे पाहू. सागाचं झाड लहान असताना त्यात गाभा थोडा आणि पांढरं लाकूड जास्त. वय वाढेल तसा गाभ्याचा वाटा वाढतो. १९९० च्या दशकात साग लावा आणि श्रीमंत व्हा असं सांगणाऱ्या योजनांचा पूर आला होता, त्या जाहिराती तुमच्यातल्या अनेकांना आठवत असतील. पाणी-खत घालून पंधरा-वीस वर्षांत तोडलेल्या सागाची ताकद फार कमी असते असं नाही. पण जुन्या जंगली सागाची टिकण्याची हमी त्याला देता येत नाही. 'बर्मा सागवान' या नावानंही भुलू नये. म्यानमारनं एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. आपल्या बाजारात आज घाना, इक्वेडोर, पनामा, कोस्टारिका अशा दूरदूरच्या देशांतल्या लागवडीचा साग येतो. तो वाईट असतो असं आम्ही म्हणत नाही. पण त्याच्याकडे तुकड्यागणिक बघून घ्यावं लागतं. व्यापारी ज्याला 'सीपी' म्हणतात तो आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग. सीपी म्हणजे ब्रिटिश काळातला सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. प्रांत गेला, लाकडाच्या दुकानात नाव राहिलं. आलापल्लीच्या जंगलाचा हा माल बल्लारपूरच्या आगारातून जातो. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये सागवान गेलं ते बल्लारपूरहूनच.

लाकूड कधीच थांबत नाही

तीर्थपुरीला पोचल्यावर आम्ही आधी तुळयांना यंत्र लावलं. या यंत्राचं तत्त्व सोपं आहे. कोरडं लाकूड विजेला मोठा अडथळा करतं, ओलं कमी करतं. दोन सुया टोचायच्या आणि अडथळा मोजायचा. मे महिन्यातली दुपार होती. तुळयांमध्ये आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा निघाला. अंगणातल्या लिंबाच्या ताज्या फांदीत सुया टोचल्या तर काटा मापाच्या पार पलीकडे. आणि वाटेत जालन्याला एका दुकानात तयार चौकट पाहिली होती, तिच्यात बावीस.

मिस्त्रींनी हे सगळं शांतपणे पाहिलं. मग वाकसाची पाठ प्रत्येक तुळईवर ठोकत गेले आणि एका तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाशी थांबले. "इथं बद्द वाजतंय बगा. आतून गेलंय." आम्ही सुया टोचल्या. तिथे पंचवीस.

हे आकडे महत्त्वाचे का? धुतलेलं फडकं घट्ट पिळलं की पाणी गळायचं थांबतं, तरी फडकं दमट राहतंच. लाकडाचं असंच आहे. पेशींच्या पोकळीत भरलेलं पाणी आधी निघून जातं. ते जाताना लाकडाचं वजन उतरतं, पण आकार बदलत नाही. पाण्याचं वजन कोरड्या लाकडाच्या साधारण २८-३० टक्के उरलं की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि फक्त पेशींच्या भिंतींत मुरलेलं पाणी बाकी असतं. यापुढे जे पाणी जातं ते भिंतींमधून जातं आणि भिंती आक्रसतात. खरं आकुंचन इथून सुरू होतं.

ते सगळ्या दिशांनी सारखं नसतं, ही यातली मोठी गोम. लांबीच्या दिशेनं ते जवळपास नाहीच. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेनं थोडं. वाढीच्या वर्तुळांच्या कडेकडेनं सर्वांत जास्त, बहुतेक लाकडांत सुमारे दुप्पट. सागासाठी ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंतचे हे आकडे साधारण २.५ टक्के आणि ५.८ टक्के आहेत. इतर पुष्कळ लाकडांत याहून जास्त असतात. सागाच्या किमतीतला बराच वाटा या कमी आकड्यांचा आहे. सुतार म्हणतात ना, साग 'जागा सोडत नाही', ते हेच.

आता आपल्या हवेत हे किती होतं ते पाहू. मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. ऑगस्टमध्ये ती ऐंशीच्या घरात जाते. लाकूड या हवेशी सतत देवाणघेवाण करत असतं. जाड फळी काही लगेच टोकाला जात नाही, पण वर्षभरात तिच्यातला ओलावा ७ टक्क्यांपासून १३ टक्क्यांपर्यंत फिरतो असं धरू. फरक ६ टक्क्यांचा. २८ टक्क्यांच्या फरकाला आकुंचन ५.८ टक्के, म्हणून ६ च्या फरकाला सुमारे १.२ टक्के. ९० सेंटिमीटर रुंदीचं दार नुसत्या फळ्या जोडून केलेलं असेल आणि फळ्या वर्तुळांना समांतर, म्हणजे ओंडक्याच्या पृष्ठालगत चिरलेल्या असतील, तर दार वर्षभरात सुमारे ११ मिलिमीटर कमी-जास्त होणार. म्हणून वैशाखात फटीतून उजेड येतो आणि श्रावणात दार खांद्यानं ढकलावं लागतं. तोच ओंडका मधोमध उभा चिरून, गाभ्याकडून सालीकडे जाणारी फळी काढली, तर हाच फरक पाच मिलिमीटरच्या आत येतो. लाकूड तेच, झाड तेच; करवत कोणत्या बाजूनं चालली एवढाच फरक. फळीच्या टोकाकडे पाहिलं की हे कळतं. तिथली वर्तुळं फळीच्या रुंदीला आडवी पसरलेली असली तर फळी जास्त हलणार. उभ्या रेघांसारखी दिसली तर कमी.

जुन्या सुतारांनी यावर काढलेला तोडगा आम्हाला फार आवडतो. चार बाजूंची चौकट करायची, तिच्या आतल्या कडेला खाच पाडायची आणि मधलं पॅनेल त्या खाचेत नुसतं बसवायचं. चिकटवायचं नाही, खिळा मारायचा नाही. पॅनेल आपलं खाचेतल्या खाचेत पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. दाराचं बाहेरचं माप ठरतं ते उभ्या पट्ट्यांच्या थोड्या रुंदीवर आणि आडव्या पट्ट्यांच्या लांबीवर. आणि लांबीत लाकूड हलतच नाही. असं पॅनेल कुणी हौसेनं डिंक लावून पक्कं केलं की पहिल्याच उन्हाळ्यात ते मधोमध तडकतं. प्लायवुडमागेही हीच कल्पना आहे. पातळ पापुद्रे एकमेकांना काटकोनात चिकटवले की प्रत्येक पापुद्र्याची न हलणारी दिशा शेजारच्याच्या हलणाऱ्या दिशेला धरून ठेवते.

करून पहा: फळीचा हातभर तुकडा वर्गाच्या भिंतीला टांगा. त्याच्यावर लांबीत एक आणि रुंदीत एक अशा दोन रेघा बारीक खिळ्यांनी पक्क्या करा. जूनपासून दर सोमवारी दोन्ही अंतरं आणि तुकड्याचं वजन नोंदवा. शाळेचा तराजू ग्रॅमपर्यंत मोजत असेल तर दिवाळीपर्यंत उत्तम आलेख मिळेल. रुंदीतला बदल मोजायला मात्र साधी पट्टी पुरणार नाही, व्हर्नियर लागेल. व्हर्नियर कपाटातून बाहेर काढायला हे चांगलं निमित्त आहे.

कुजतं ते कुठे?

मिस्त्रींनी ठोकून शोधलेलं ते टोक भिंतीच्या आत होतं आणि त्याच्या बरोबर वर माळवद गळत होतं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला चार गोष्टी लागतात: अन्न म्हणून लाकूड, ऊब, हवा आणि पाणी. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशीचं काही चालत नाही. लोणावळ्याजवळच्या कार्ले आणि भाजे इथल्या चैत्यगृहांत छताला लाकडी कमानी आहेत. त्या सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत आणि अजून जागेवर आहेत. डोक्यावर डोंगर असल्यामुळे पावसाचा थेंब त्यांना लागलेला नाही.

उलट टोकाचं उदाहरण विहिरीतलं. विहीर बांधताना तळाशी बसवायच्या कड्यासाठी आपल्याकडे उंबराचं किंवा पळसाचं लाकूड वापरत. ही दोन्ही लाकडं उघड्यावर टाकली तर लवकर सडतात. पण पाण्याखाली, जिथं हवा पोचत नाही तिथे, ती वर्षानुवर्षं टिकतात. म्हणजे कायम कोरडं लाकूड टिकतं आणि कायम बुडालेलंही टिकतं. मरण आहे ते अधूनमधून भिजणाऱ्याचं: जमिनीलगतच्या खांबाचं, न्हाणीच्या चौकटीच्या पायाचं, गळक्या भिंतीतल्या तुळईच्या टोकाचं. जुन्या घरात प्रत्येक खांबाखाली दगडी उथळा असतो. तो शोभेसाठी नाही. खांबाचा पाय जमिनीच्या ओलीपासून आणि वाळवीपासून वर उचलण्यासाठी आहे.

या माळवदाबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण लाकडावर किती भार पडतो याचा अंदाज शहरात राहणाऱ्यांना येत नाही. खांबावर तुळई, तुळईवर सर, त्यावर जवळजवळ बसवलेलं किलचण, वर लिंबाचा पाला, चिखल आणि शेवटी पांढऱ्या मातीचा थर. दरवर्षी पावसाआधी गळती बुजवायला आणखी माती पडते; जुनी कुणी काढत नाही. सरांच्या घरावर तो थर दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर निघाला. घनमीटरला १६०० किलो धरले तर चौरस मीटरला ७२० किलो. दहा बाय दहाच्या खोलीवर साडेसहा टन! लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली, ती अशाच छपरांखाली आणि चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींखाली. त्यातही जिथं छप्पर भिंतींवर न टेकता लाकडी खांबांच्या खणांवर उभं होतं, तिथं काही घरांत भिंती ढासळल्या तरी खांब आणि छप्पर उभं राहिलेलं पाहणाऱ्यांनी नोंदवलं आहे. लाकूड सागाचं की बाभळीचं, हा तिथे दुय्यम प्रश्न होता. डोक्यावर किती माती आहे आणि खांब-तुळईचा सांधा हादऱ्यात सुटतो की धरून राहतो, हा खरा प्रश्न.

सरांच्या घरात सहा तुळया होत्या, प्रत्येकी नऊ फूट लांब, आठ इंच बाय सहा इंच. पाच उभ्या बसवलेल्या, एक आडवी. ती आडवी सगळ्यांत जास्त वाकली होती. मोजपट्टीची फूटपट्टी आडवी धरून वाकवा, मग कडेवर उभी धरून वाकवा. कारण हाताला कळेल. तुळईची ताकद रुंदीच्या पटीत वाढते, पण उंचीच्या वर्गाच्या पटीत. आणि वाकायला होणारा विरोध उंचीच्या घनाच्या पटीत. हिशेब केला तर आठ बाय सहाची तुळई आडवी बसवल्यावर उभीच्या पावणेदोन पट वाकते. शिवाय सतत ओझं वाहणारं लाकूड वर्षानुवर्षं हळूहळू वाकतच राहतं.

मग लिंब की साग की आणखी काही?

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत विसाव्या शतकात भारतीय लाकडांच्या हजारो चाचण्या झाल्या. तिथल्या लाकूड चाचणी विभागात काम केलेल्या व्ही. डी. लिमये यांनी या चाचण्यांतून लाकडांची तुलना मांडली. तिची पद्धत शिक्षकांना आवडेल अशी आहे: सागाला प्रत्येक विषयात १०० गुण द्यायचे आणि बाकीच्यांचे गुण त्या मानानं ठरवायचे. वजन, ताकद, धक्का सोसणं, आकार टिकवणं असे वेगवेगळे विषय. गुणपत्रक असं वाचलं की लगेच लक्षात येतं, साग बहुतेक विषयांत पहिला नाही. बाभूळ त्याच्याहून जड, कठीण आणि धक्का सोसण्यात सरस आहे. म्हणून बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आणि आरे, नांगर, कुळव बाभळीचे. सागाची गाडी कुणी करत नाही. अंजन इतका जड की पाण्यात बुडतो. साग जिंकतो तो सरासरीवर: मध्यम वजनात पुरेशी ताकद, आकाराला पक्का, गाभा टिकाऊ आणि हत्यारांना सोसणारा. पहिल्या बाकावरचा नसला तरी सगळ्या विषयांत पास होणारा विद्यार्थी.

लिंबाचं लाकूड आपण उगाच कमी लेखतो असं आमचं मत आहे. त्याचा गाभा बऱ्यापैकी टिकाऊ असतो आणि ताकदही चौकटीला पुरेशी. तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे रंधा नीट चालत नाही, सुतार कुरकुरतो. आणि साग जितका आकार धरतो तितका लिंब धरत नाही. आंबा मात्र स्वस्त म्हणून चौकटीला घेऊ नये. खोकी आणि सेंटरिंगच्या फळ्या हेच त्याचं काम. आणि एक सूचना: साग, आंबा, चिंच यांसारखी झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी तोडायला १९६४ च्या कायद्यानुसार परवानगी लागते.

आता सरांचं काय ठरलं ते सांगतो. तुळया विकायच्या नाहीत, हे पहिलं. दोन पिढ्या धुरात आणि कोरड्या हवेत राहिलेलं, गाभ्याचं, आठ टक्क्यांवर वाळलेलं सागवान त्यांच्या डोक्यावरच होतं आणि ते उक्तं देऊन बावीस टक्क्यांचं नवं विकत आणायचं चाललं होतं. एका तुळईत तीन घनफूट लाकूड. पाच इंच बाय अडीच इंचाची, सात फूट बाय तीन फुटांची, उंबऱ्यासकट चौकट पावणेदोन घनफुटांत होते. सहा तुळयांचं अठरा घनफूट. सडलेली टोकं आणि करवतीचा भुसा वजा जाता पाच चौकटी निघून दारांच्या पट्ट्यांनाही पुरलं असतं. न्हाणी आणि संडास यांच्या चौकटी लाकडाच्या करायच्याच नाहीत, दगडाच्या करायच्या. तिथे भाचा बरोबर होता.

करवत गिरणीवाल्यानं आधी नकार दिला. जुन्या लाकडात खिळा लपलेला असला की पात्याचे दात जातात. सरांनी शाळेतली चुंबकसूची आणली. तुळईच्या अंगावरून ती सावकाश फिरवली की लोखंडापाशी सुई झटकन वळते. नववीच्या दोन मुलांनी एका दुपारी सहाही तुळयांवर खडूनं खुणा करून दिल्या. बत्तीस खिळे निघाले, एक नालही निघाला.

लिंबाबाबत मिस्त्रींशी बराच वाद झाला. त्यांना पुढच्याच आठवड्यात चौकटी करायच्या होत्या. ओल्या लिंबाला कुसू आणि खाच पाडायला सोपी जाते, हे त्यांचं म्हणणं खरं होतं. पण तो भिंतीत बसून वाळला असता तर सांधे सुटले असते आणि चौकट पिळली असती. शेवटी ठरलं ते असं: रीतसर परवानगी काढून लिंब पाडायचा, लगेच इंचभर जाडीच्या फळ्या पाडायच्या, टोकांना रंग फासायचा म्हणजे टोकाकडून घाईनं वाळून चिरा पडणार नाहीत, आणि प्रत्येक थरामध्ये पट्ट्या घालून सावलीत थप्पी लावायची. अशा फळ्या वाळायला काही महिने ते वर्ष लागतं. तोवर घर उभं राहील आणि फळ्या माजघरातल्या मांडणीला होतील. त्यांच्या पांढऱ्या भागासाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवणं आम्ही सुचवलं. भुंग्यावर ते चांगलं चालतं. फक्त पाण्यानं धुऊन जातं, म्हणून घरातल्या कोरड्या जागीच. चौकटींच्या भिंतीला टेकणाऱ्या बाजूला डांबराचा हात द्यायचा, ही सूचना मिस्त्रींची. ती योग्यच आहे. विटेतली ओल तिथूनच लाकडात शिरते. मात्र असा हात वाळलेल्या लाकडालाच द्यावा. ओल्याला दिला तर आतलं पाणी आत कोंडून राहतं.

पोळ्याच्या सुमारास सरांचा फोन आला. पाचही दारं लागली होती. मधल्या दाराला उन्हाळ्यात ठेवलेली तीन मिलिमीटरची फट पावसात दीडवर आली होती. मुलांनी व्हर्नियर लावून मोजलं होतं. भिंतीतलं ते कुजकं टोक मिस्त्रींनी हातभर कापून टाकलं होतं, ते सरांनी शाळेत नेऊन ठेवलं आहे. त्याच्या एका बाजूला नख रुतत नाही आणि ओलं केलं तर अजून सागाचा वास येतो. दुसऱ्या बाजूचं लाकूड चिमटीत धरलं की भाकरीसारखं चुरतं. दोन्हींच्या मध्ये अंतर चार बोटांचं.